आवाज वाढवला की मी गप्प

या, जवळ या. मी मोटारसायकलवरचा टेप बोलतोय. धुळ्याला आग्रा रोडच्या कडेला अभिमनशेटचं जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथल्या वरच्या फळीवर सध्या माझा मुक्काम. फळीवर बसून गिऱ्हाइकं ओळखायची सवय लागली आहे, तेव्हा बोलण्यात थोडी दुकानदारी आली तर चालवून घ्या. माल मात्र खरा देईन.

माझं पहिलं घर म्हणजे पुना ड्रायव्हरचा ट्रक. धुळे ते इंदूर, इंदूर ते धुळे. घाटात इंजिन रडायचं, मी गायचो. माझ्या लाल तारेत बॅटरीजवळ काचेची एक लहान नळी असते, तिला फ्यूज म्हणतात. आत केसाएवढी तार. कुठे काही बिघडलं की ती बिचारी आधी जळते, मी गप्प होतो आणि बाकीचं सगळं वाचतं.

मी असा गप्प झालो की पुना शिवी देत नसे. लिंबाखाली ट्रक लावायचा, कानामागची विडी पेटवायच्या आधी सगळ्या तारांवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, ‘‘हाई काहीतरी सांगी राहिना.’’ मग उघडी पडलेली तार सापडायची. माझी भाषा कळलेला माणूस मला तो एकच भेटला. त्याने ट्रक विकला आणि मी अभिमनशेटच्या फळीवर आलो.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अमळनेरकडचा जीवराम आला. बोरी नदीच्या काठी त्याची कपाशी होती आणि दारात नवी बुलेट. मला त्याने हँडलवर पत्र्याच्या पेटीत बसवलं. पुढच्या गार्डला दोन्ही बाजूंनी दोन स्पीकर लावले आणि लाल तार टाकीखालून मागे बॅटरीकडे नेली. टाकीचे बोल्ट आवळताना ती तार टाकी आणि सांगाड्याच्या मध्ये चेंगरून सोलली. जीवराम शीळ घालत होता. त्याला कळलं नाही. मला कळलं.

हळू वाजवलं तर मी छान गायचो. आवाज वाढवला की स्पीकर दणाणायचे, टाकी थरथरायची, सोललेली तार लोखंडाला टेकायची. फ्यूज जळायचा. मी गप्प.

जीवराम दर वेळी नवा फ्यूज घालायचा. आधी त्याने कॅसेटला दोष दिला. मग कापूस स्पिरिटमध्ये बुडवून माझं तोंड पुसलं. मग बॅटरी बदलली, मग स्पीकर बदलले. टाकी तेवढी उचलून पाहिली नाही. उचलायची तर पेट्रोल काढा, नळी सोडवा, कोण करतो? माणसाची ही रीत मी दुकानात रोज पाहतो. जिथे हात सहज पोचतो, तिथेच तो बिघाड शोधतो.

जीवरामची मुलगी पुष्पा नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. तिची जागा ठरलेली, बापाच्या पुढ्यात, टाकीवर. माझं बटण फिरवायचा मानही तिचाच. ती टाकीवर बसली की त्या सोललेल्या तारेची मला आठवण व्हायची, आणि सांगायची सोय नव्हती. मी दुसऱ्यांची गाणी म्हणणारा. माझं स्वतःचं असं बोलणं एकच, गप्प होणं.

श्रावण आला. त्या वर्षी कानबाई, आमची खानदेशची देवी, रविवारी जीवरामच्या घरी बसणार होती आणि सोमवारी मिरवणुकीने नदीवर जाणार होती. पोटापाण्याला सुरतेला गेलेले भाऊबंद तिच्या रोटांच्या प्रसादासाठी गावी आले, त्यांत चुलतभाऊ तोताराम. त्याने ओट्यावर बसल्या बसल्या मला ऐकलं. पुष्पाने बटण फिरवलं आणि मी नेहमीसारखा गप्प झालो.

तोताराम खदखदून हसला. ‘‘जीवराम, तुना टेपले डांग्या खोकला शे का रे? सोमवारले मिरवणूकमा चौकातच मरी जाई. बठ्ठा गाव हासी!’’

‘‘सोमवारले देख तू,’’ जीवराम म्हणाला. हसत म्हणाला, पण कान लाल झाले होते.

तो तडक मळ्यात गेला. आमच्या खानदेशात विहिरीवरची वीज म्हणजे लहरी पाहुणी. आली की पाणी ओढून घ्यायचं. तेवढ्यात फ्यूज उडाला तर कपाशी वाळते, म्हणून शेतकरी मोटरच्या पेटीत फ्यूजऐवजी सरळ जाड तांब्याची तार बांधतात. जळली तर मोटर जळते, तीही विहिरीवर. जीवरामने त्याच तारेचा तुकडा आणला आणि माझ्या काचेच्या नळीवर गच्च गुंडाळला. विहिरीवरचा इलाज त्याने लेकीच्या मांडीखाली आणून ठेवला.

आवाज वाढवला. मी गप्प झालो नाही, नुसता खरखरलो आणि गात राहिलो. जीवरामने मांडीवर थाप मारली.

त्याची बायको सुनंदाबाई सूप हातात घेऊनच बाहेर आली. ‘‘काहीतरी जयी राहिनं. रबरना वास ई राहिना.’’

‘‘चुलाना वास व्हई.’’

‘‘चूल मी आजून पेटाडी नही,’’ ती म्हणाली. पण तेवढ्यात रोटांचे गहू दळून आले आणि ती आत गेली.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. जीवरामची आई बेबाबाई अक्का कलश घेऊन, बाकीच्या बाया तिच्या मागे गाणी म्हणत. सगळ्यांच्या पुढे बुलेट. टाकीवर पुष्पा, नव्या नायलॉनच्या फ्रॉकात. मी इतका मोठ्याने ओरडत होतो की बायांचं गाणं बुडून गेलं.

अक्का पुढे येऊन म्हणाली, ‘‘जीवराम, आवाज कमी कर. कानबाईले बायास्नं गाणं लागस, डबडानं नही.’’

‘‘चौक येऊ दे, अक्का. तोताराम उभा शे तठे.’’

चौक आला. तोतारामने कानावर हात ठेवून मान डोलावली. म्हणजे हरलो. जीवरामने लेकीला खूण केली आणि तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

टाकी थरथरली. तार लोखंडाला टेकली. मला गप्प व्हायचं होतं, जिवाच्या आकांताने गप्प व्हायचं होतं; तांबं होऊ देईना. टाकीखाली तार लाल झाली. पुष्पा म्हणाली, ‘‘आबा, टाकी गरम लागस.’’ माझ्या गोंगाटात बापाला ते ऐकू आलं नाही.

ऐकलं तोतारामने. नाही, त्याने धूर पाहिला. ‘‘पोरले उतार!’’ म्हणत तो धावला आणि पेट्रोलच्या नळीने पेट घेतला त्याच क्षणी त्याने पुष्पाला ओढून काढलं. फ्रॉक पेटला होता. अक्काने कानबाईच्या कलशातलं पाणी नातीवर ओतलं. जीवराम नुसत्या हातांनी फ्रॉक विझवत होता. आणि मी, देवा, मी गातच होतो. तार पूर्ण जळून तुटली तेव्हा कुठे थांबलो.

पुष्पा वाचली. डावा पाय मात्र गुडघ्याखाली आखडला. जीवरामच्या तळहातांची कातडी गेली. त्या घरात पुन्हा गाणं लागलं नाही. सुनंदाबाईने मला तारांसकट फडक्यात बांधलं आणि भंगारवाल्याच्या गाडीत टाकलं. फिरत फिरत मी इथे, माझ्या जुन्याच फळीवर आलो.

अभिमनशेटने जळकी तार कापून नवी जोडली. बॅटरीकडची नळी तेवढी तीच ठेवली. आता समोर साक्रीकडचा एक गिऱ्हाईक उभा आहे. बाहेर त्याची मोटारसायकल आहे आणि टाकीवर लहान पोरगी पाय हलवत बसली आहे.

‘‘शेट, आवाज वाढवला की बंद तर पडत नाही ना?’’

अभिमनशेटने माझी तार हातात घेतली. नळीवरच्या तांब्यावरून अंगठा फिरवला आणि हसून म्हणाला, ‘‘बंद पडायचं नावच नको. आधीच्या मालकाने पक्कं काम करून घेतलं आहे.’’

वाचणाऱ्या बाबांनो, तुम्ही तरी ऐका. आम्ही गप्प झालो तर आम्हाला ओरडायला लावू नका. तारेवरून एकदा बोट फिरवा.

तो पाकिटात हात घालतो आहे.