गाडीची ओटी

हिंगणघाटजवळ एका शेठनं वडिलांच्या जुन्या मोटारींचं संग्रहालय उघडलं, तशी आनंदाबाई आपल्या लेकीला, छायाला, घेऊन तिथं पोचली. काळ्या गाडीभोवतीची दोरी तिनं सरळ उचलली.

"आजी, हात नका लावू!" रखवालदार ओरडला.

"काऊन? दवाखान्याच्या वाटेवर याच गाडीत बाळंत झाली मी. सीट खराब झाली म्हणून तुह्या शेठच्या बापानं तोंड वाकडं नाई केलं, अन् तू मले अडवून राह्यला?"

मागं उभ्या शेठनं हे ऐकलं आणि स्वतः गाडीचं दार उघडलं. आनंदाबाईनं मागच्या सीटला कुंकू लावलं आणि खण-नारळ, तांदूळ ठेवून गाडीची ओटी भरली.

मग पिकल्या केसांच्या छायाला म्हणाली, "पाया पड. पयले हिनं मांडीवर घेतलं तुले, मंग म्या."