भाऊजींचे पाय

रस्त्यावर उघडणारं ते दार त्याने स्वतःच्या हातांनी घडवलेलं होतं. जाड फळीचं, आतला आवाज बाहेर जाऊ न देणारं. वहिनीचा हा धाकटा दीर सुतार होता. त्याने रंधा मारलेल्या फळीवर गाल टेकावा असं वाटे. शिडीवरून पडला, कमरेखालचं अंग गेलं, आणि विधवा भावजयीने त्याला रस्त्याकडच्या खोलीत आणून ठेवलं. दुसरं होतं तरी कोण?

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की मंडळी येत. वहिनी दार सताड उघडून, पाण्याचं भांडं घेऊन गुडघ्यांवर बसे. पाणी कोमट, हात मऊ, डोळे खाली. काटक्यांसारखे पाय मांडीवर घेई. आधी टाच, मग घोटा, मग एकेक बोट. त्या पायांना काही कळत नसे. मग पांघरूण सरे, त्याला कुशीवर वळवून ती पाठीखालची जखम धुई. ती जखम मात्र कळे, आणि भोवतीचे डोळेही कळत. त्यांत शिवणकाम करणारी ती बाईही असे, जिच्या खिडकीला एकेकाळी त्याने मुद्दाम वेळ लावून कडी बसवून दिली होती.

"वहिनी, दार लावा."

"दिवा पेटवून कुणी टोपलीखाली झाकतं का, भाऊजी?"

"मग दिव्याला तरी विचारा, नागडं व्हायचंय का म्हणून!"

मंडळी हसली. वहिनीच्या डोळ्यांतून टपकन थेंब पडला.

"काय सोसते हो ही माउली," कुणीतरी कुजबुजलं.

त्याने शिव्या देऊन पाहिल्या. तिची सहनशीलता उजळून निघाली. गप्प राहून पाहिलं. सेवेने माणूस कसा निवला, असं लोक म्हणाले. एकदा हात जोडून "उपकार झाले, आता पुरे" म्हणाला, तर पाळकांनी त्यातलं पहिलं अर्धं उपासनेत साक्ष म्हणून सांगितलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा, पाय गेलेला.

शेवटी एका रविवारी पाळक सगळ्यांच्या आधी आले. त्याने त्यांची बाही धरली. "प्रार्थना करायची तर आत जा, दार लावून घे, हे तुमच्या प्रभूनेच सांगितलंय ना? माझ्या पाठीला ते लागू नाही का?"

पाळकांचा चेहरा उतरला. "चुकलंच आमचं," ते म्हणाले. मग वहिनीकडे वळले. "बाई, आजपासून कुणी येणार नाही. दार लावून सेवा कर. बघणारा बघतो."

"बरं, पाळकसाहेब."

दार लागलं. बिजागरी कुरकुरलीसुद्धा नाही. त्या सावलीत पडल्या पडल्या तो लहान मुलासारखा सुखाने रडला. मग पाण्याची वाट बघू लागला.

वहिनी आली, हाताशी ताट ठेवून वळली.

"पाणी, वहिनी?"

"आज अंग मोडून आलंय, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "उद्या बघू." उद्याचा परवा झाला. चादर भिजली, वाळली, पुन्हा भिजली. जखमेला वास सुटला. वहिनीच्या तोंडावर राग नव्हता. नुसता कंटाळा होता, कुणी बघत नसलेल्या बाईचा. ताट मात्र वेळेवर येई. घरातलं दार मागे लोटून ती जाई.

रविवार आला. रस्त्यावरून गलका करत मंडळी जाऊ लागली; त्यांची पावलं आत पुसट ऐकू येत होती. शिवणकामवालीचं हसू त्याने ओळखलं. तो ओरडला, घसा फुटेस्तोवर ओरडला. पण फळी जाड होती, काम चोख होतं.

घरातल्या दाराने वहिनी मात्र आली.

"दार उघडा," तो म्हणाला. "बोलवा सगळ्यांना."

"तुम्हालाच लाज वाटत होती ना?"

"नाही वाटत."

"मग तसं तुम्हीच सांगा. माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

तिने रस्त्याकडचं दार सताड उघडलं. उजेड डोळ्यांत शिरला. त्याने मान उचलली आणि रस्त्याला हाक घातली, "या! या की सगळे! माझी वहिनी पाय धुतेय, बघायला या!"

मंडळी थबकली, वळली, दारात दाटली. वहिनीने पदर खोचला. पाणी तिने आधीच तापत ठेवलेलं होतं.