जांभळं लेबल

माझा धाकटा भाऊ क्लेम जहाजावर स्वयंपाकी होता. अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून त्याने माझ्यासाठी तिथल्या सोल ढंगाच्या गाण्याची एक तबकडी आणली आणि पुढच्याच सफरीत तो समुद्रात बुडून गेला. तबकडी देताना म्हणाला होता, "हिल्डा, पहिल्या पाचशेंचं लेबल जांभळं. मग ती शाई संपली, मागाहूनच्या सगळ्या लाल. ही जपून ठेव."

नोरीन इंग्लंडातल्या विगन गावच्या आमच्या चॅपेलमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला, माझ्या शेजारी उभी राहून गाते आणि शनिवारी दुपारी नाचाच्या हॉलमध्ये तबकड्या लावते. तिने ती महिनाभरासाठी मागून नेली. परत आणली, तेव्हा लेबलवर पांढरा कागद चिकटवलेला होता. तबकड्या लावणारे असं करतातच. नाव दिसलं, की दुसऱ्या गावचा कुणीतरी तीच शोधून आणतो.

"कागद काढणार नाहीस, वचन दे."

"दिलं."

"तू दिलंस म्हणजे कुलूपच लागलं की बाई!" ती हसली. मीही हसले.

चार वर्षं दर रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर, मी ती एकदा लावत असे. दुसऱ्या कडव्यात पूर्वी 'टक्' व्हायचं, ते आता होत नव्हतं. "धुतली गं मी नीट," नोरीन म्हणाली होती. मी तिचे आभार मानले होते.

गेल्या शनिवारी हॉलमध्ये एका परगावच्या माणसाने तेच गाणं उघड नाव सांगून लावलं. गुपित संपलं. तरी वचन नोरीनला दिलेलं, म्हणून तिला विचारायला गेले.

"राहू दे गं, लेबल फाटेल."

"ओल्या फडक्याने हळूच काढेन."

ती किटलीकडे वळली. "तुझी मर्जी."

घरी येऊन कागदाचा कोपरा भिजवला. खाली लाल रंग होता.

मी तशीच परत गेले. तिच्या टेबलावर तबकडी ठेवली.

"क्लेमची कुठंय?"

"लीड्सच्या एकाला दिली," ती हळूच म्हणाली. "तीस तबकड्या दिल्या गं त्याने बदल्यात! त्यांच्यावरच तर माझं नाव झालं. आणि गाणं तेच ना? कानाला रंग कळतो का?"

"तुला ठाऊक होतं, मी कागद काढणार नाही."

"हो, ठाऊक होतं," ती म्हणाली. "दुसरी कुणी असती, तर माझी छातीच झाली नसती."

लाल तबकडी तिथेच ठेवून मी निघाले.

रोज सकाळी गुडघे टेकून सात माणसांची नावं घ्यायची, हा माझा कितीतरी वर्षांचा नेम. क्लेमनंतर नोरीनचं येतं. आज क्लेमपाशीच थांबले. गुडघे दुखायला लागले तरी उठले नाही. शेवटी तिचं नाव घेतलं, पण तिच्यासाठी काय मागायचं, ते काही सुचलं नाही.