उजवा रकाना

फकिराभाऊंनी पहिल्याच दिवशी माझ्या पानाची उजवी बाजू मागितली. फक्त उजवी.

हे पान म्हणजे माझा सगळा धंदा. बालाघाटच्या बसस्टँडमागे, गजेंद्रच्या मोटरसायकल गॅरेजच्या वर जी खोली आहे, तिथे 'प्रीतम स्पोकन इंग्लिश' चालतं. प्रीतम म्हणजे मीच. कोर्स तीन महिन्यांचा आणि पान एक. आपलं मत कसं मांडायचं आणि समोरच्याचं कसं खोडायचं, याची त्यावर बेचाळीस इंग्रजी वाक्यं आहेत, देवनागरीत. डाव्या रकान्यात सहमतीची एकवीस: 'आय अग्री', 'आय कुडन्ट अग्री मोर' वगैरे. उजव्या रकान्यात असहमतीची एकवीस: 'आय बेग टू डिफर', 'विथ ड्यू रिस्पेक्ट' वगैरे. वर प्लास्टिक चढवलंय, कारण वाद घालताना पोरं पान चुरगाळतात.

"डावी बाजू मले नाही लागत," फकिराभाऊ म्हणाले. पन्नाशीचा माणूस, लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलमध्ये धान तोलायला. हातात स्टीलचा डबा. "सहमती येते मले. तीस साल मिलमधी हौ जी, हौ जीच केलं."

"काका, अर्धा कोर्स नसतो आमच्याकडे."

"अर्धा कोण मागून राह्यला? फीस पूरी घ्या. पान अर्धं द्या."

इथेच मला संशय आला. पूर्ण पैसे देऊन अर्धा माल नेणारा माणूस बालाघाट जिल्ह्यात मी पाहिला नव्हता. फॉर्मवर त्यांनी 'फकिरा, लालबर्रा' एवढंच लिहिलं. आडनाव विचारलं तर म्हणाले, "वाद घालाले आडनाव लागते काय?"

मी कात्री घेतली आणि पान उभं कापलं. डावा तुकडा ड्रॉवरमध्ये टाकला.

कोणी माझ्यावर पाळत ठेवावी असं मी काही केलं होतं का? केलं होतं. लपवत नाही.

माझ्या क्लासची एक पद्धत आहे. कोर्सच्या शेवटी ग्रुप डिस्कशन होतं. ग्रीसच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठीवर 'बाजूने' किंवा 'विरोधात' लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे बोलायचं. जून महिन्यात मला वाटलं, याची रील काढावी. विषय ठेवला, 'बालाघाटला स्पोकन इंग्लिश क्लासची गरज आहे का?' साधना नावाच्या मुलीला 'विरोधात' आलं. ती उभी राहिली आणि माझंच पान हातात धरून म्हणाली, इन माय ओपिनियन, हे सगळं या एका पानात आहे आणि ते घरी बसून पाठ होतं. मग तीन महिने आपण इथे काय करतोय? बोलली फारच चांगली. इतकी चांगली, की दुसऱ्या दिवसापासून तीन पोरं यायची बंद झाली.

मी तिला सर्टिफिकेट दिलं. 'ग्रुप डिस्कशन: अनुत्तीर्ण. शेरा: फार असहमत असते.'

तिला मुक्कीकडच्या एका रिसॉर्टात रिसेप्शनवर घेणार होते. पावसाळ्यात बंद असलेलं वाघांचं जंगल ऑक्टोबरात पर्यटकांना उघडलं की नोकरी सुरू. पास झाल्याचा कागद सप्टेंबर संपायच्या आत दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. 'सर, एकदा परत घ्या ना डिस्कशन,' असे तिचे तीन मेसेज आले. तिन्ही मी वाचले. वाचल्याच्या निळ्या खुणा तिच्याकडे गेल्या, बाकी काही गेलं नाही.

आणि जुलैच्या सुरुवातीला हा माणूस आला, ज्याला फक्त 'नाही' शिकायचं होतं.

"शिक्षण विभागाचा असन," गजेंद्र म्हणाला. तो खाली गाड्या दुरुस्त करतो, पण आमच्यामध्ये फळ्यांचीच जमीन असल्यामुळे माझे तीन कोर्स त्याचे फुकटात झालेत. "तक्रार गेली असन तुही. तपासाले पाठवला."

"डबा घेऊन?"

"डब्यातच त रिपोर्ट ठेवतेत बे."

दुसऱ्या दिवशी मी फकिराभाऊंचा डबा उघडा दिसेपर्यंत पाहत बसलो. भात आणि वांग्याची भाजी होती. भाजीखाली काही असेल तर सांगता येत नाही.

मग गजेंद्रने दुसरी शंका काढली, की वारासिवनीत नवा क्लास निघतोय, हा त्यांचा माणूस. मग तिसरी, की याला निवडणूक लढवायची आहे आणि सहमती नको म्हणतोय म्हणजे विरोधी पक्षातून. प्रत्येक शंकेनंतर माझी झोप अर्ध्या तासाने कमी व्हायची आणि गजेंद्र मात्र छान घोरायचा.

फकिराभाऊ अभ्यासू होते. मिलमध्ये धानाच्या पोत्यात लोखंडी परखी खुपसतात आणि आतले चार दाणे काढून बघतात, तसं ते प्रत्येक वाक्य बघायचे.

"'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणजे इज्जत देऊन राह्यलो ना?"

"हो."

"मंग पुढे भांडतो काहून?"

"आधी इज्जत द्यायची, मग भांडायचं."

"आमच्याकडे आधी भांडतेत, मंग चहा पाजतेत." त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "मास्तर, ग्रुप डिस्कशनमधी नापास कोणाले करता तुम्ही?"

माझ्या हातातला खडू मोडला. मी म्हणालो, खडू कच्चा आहे.

शेवटी एका दुपारी क्लासला सुट्टी देऊन मी लालबर्ऱ्याला गेलो. मिलसमोरच्या टपरीमागे गाडी लावली, तोंडाला रुमाल बांधला आणि पहारा सुरू केला. तोलकाट्यापाशी फकिराभाऊ उभे. एक ट्रकवाला ओरडत होता, वजन कम आया है. फकिराभाऊंनी हात जोडले आणि म्हणाले, "विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू डिफर." ट्रकवाल्याने चप्पल काढली, काटा खरा आहे का ते बघायला स्वतःच त्यावर चढला, उतरला, आणि कागदावर सही केली. मला अभिमान वाटला आणि लगेच भीती वाटली. एवढं जोरदार शस्त्र या माणसाला मीच दिलं होतं, आणि ते कोणासाठी, हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात एक मुलगी सायकलवर येऊन त्यांना डबा देऊन गेली. पाठमोरी ओळखीची वाटली. पण पाठीवरून माणसावर संशय घेऊ नये, एवढी नीतिमत्ता माझ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी फकिराभाऊ वर्गात शिरता शिरता म्हणाले, "मास्तर, काल लालबर्ऱ्याले आलते काय जी?"

"नाही."

"तुमच्यासारखीच गाडी होती. तुमच्याच नंबरची." मग माझ्याकडे बराच वेळ बघत बसले. त्या दिवसापासून आम्ही दोघंही एकमेकांवर संशय घेऊ लागलो, आणि वर्गात शिस्त आली.

सत्तावीस सप्टेंबरला ग्रुप डिस्कशन होतं. विषय मी जपून निवडला, 'मोबाइल: वरदान की शाप.' या विषयावर आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही. अकरा विद्यार्थी गोल बसले. मयुरी नावाची पहिल्या बाकावरची मुलगी फळ्यावर गुण लिहायला उभी राहिली. चिठ्ठ्यांचा डबा फिरला. फकिराभाऊंना 'विरोधात' आलं. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि उभे राहिले.

"मोबाइलवर माहं काही मत नाही जी. मले दुसऱ्या गोष्टीवर बोलाचं आहे."

त्यांनी पिशवीतून एक सर्टिफिकेट काढलं. माझं अक्षर मी लांबून ओळखलं. ते फार सुंदर आहे.

"साधना माही पोरगी," फकिराभाऊ म्हणाले. "तीन दिवसांत जागा जाते तिची. हे अनुत्तीर्ण काहून?"

म्हणजे शिक्षण विभाग नव्हता, वारासिवनी नव्हती, निवडणूक नव्हती. एक क्षण मला हलकं वाटलं. मग वर्ग माझ्याकडे बघायला लागला आणि ते वाटणं गेलं.

"अॅज फार अॅज आय अॅम कन्सर्न्ड," मी म्हणालो, "निकाल लागलेला आहे."

"आय अॅम अफ्रेड, आय कान्ट अग्री." बोट त्यांच्या अर्ध्या पानावर होतं. "चिठ्ठी तुमच्या डब्यातली. 'विरोधात' हे तुमच्या हातचं. पोरगी विरोधात बोलली. चुकली कुठं?"

मयुरीने फळ्यावर एक रेघ ओढली. त्यांच्या नावाखाली.

"आय सी युअर पॉइंट, बट तिच्यामुळे तीन पोरं क्लास सोडून गेली."

"विथ ड्यू रिस्पेक्ट, ते त पोरगी चांगली बोलली म्हणून गेले. खराब बोलली असती त बसले असते ना इथंच?"

अजून एक रेघ.

"तिने क्लासची बदनामी केली!"

"दॅट इज नॉट द पॉइंट, मास्तर. विषय कोणं देल्ला?"

तिसरी रेघ. मयुरीला मी डोळ्यांनी खुणावलं. तिने रेघ जरा ठळक केली.

माझ्याकडे बेचाळीस वाक्यं होती, त्यांच्याकडे एकवीस. तरी मीच मागे सरकत होतो. डावा रकाना भांडणात काही कामाचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग फकिराभाऊंनी आपलं पान खिशात घातलं.

"मास्तर, एकच सांगा. तुमचं मत बदलाले काय लागन? कागद लागत असन त कागद आणतो. पोरीले उभी करतो, पुन्हा बोलन थे. तुम्ही फक्त नाव सांगा, काय लागन."

हे वाक्य बेचाळिसात नव्हतं. माझ्या माहितीत ते इंग्रजीतही कोणी शिकवत नाही. मी उत्तर शोधलं. काय लागेल? तिचं म्हणणं खोटं निघायला लागेल. आणि ते खोटं नव्हतं. पान एकच होतं. आणि ते आता अर्धं त्यांच्या खिशात आणि अर्धं माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

मराठीत कबूल करायला जीभ वळेना. म्हणून डाव्या रकान्यातलं चौथं वाक्य म्हणालो, "यू हॅव अ पॉइंट."

वर्गात टाळ्या पडल्या. फकिराभाऊ तसेच उभे. त्यांनी खिशातून पान काढलं आणि वरून खालपर्यंत बोट फिरवलं. मग खालून वर.

"हे माह्या पानावर नाही."

"काका, सर मान गए," मयुरी म्हणाली.

"तू त्यायच्याच क्लासची पोरगी. तू सांगशीनच." त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "डाव टाकून राह्यले काय जी?"

त्यांनी मोबाइल काढला आणि साधनाला स्पीकरवर घेतलं.

"साधना, 'यू हॅव अ पॉइंट' म्हणजे काय? शिवी आहे काय?"

"कोणं म्हटलं, बाबा?"

"तुह्या सरनं."

"मंग शिवी असन."

"साधना," मी फोनकडे वाकलो, "शिवी नाही. तुझं बरोबर होतं. मी नवीन सर्टिफिकेट लिहून देतोय. उत्तीर्ण."

"लिहून झालं का, सर?"

"लिहितोय."

"लिहून झालं की बाबांना वाचून दाखवा. मी फोन ठेवत नाही."

मी कोरं सर्टिफिकेट काढलं. ग्रुप डिस्कशन: उत्तीर्ण. शेऱ्याच्या जागी 'अत्यंत नम्र' लिहायला सुरुवात केली, तर फोनमधून आवाज आला, "सर, शेरा काय टाकताय?"

"चांगलाच टाकतोय."

"नको. आधीचाच ठेवा."

"'फार असहमत असते'? रिसॉर्टवाले काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मी बोलीन ना त्यांच्याशी."

मी तेच लिहिलं, शिक्का मारला, मोठ्याने वाचून दाखवलं. फकिराभाऊंनी शिक्का नखाने खरवडून पाहिला. शाई बोटाला लागली, ती हुंगली. मग "येतो जी" म्हणून जिना उतरले.

खाली गजेंद्र गाडीखाली आडवा पडला होता. त्याने वरचं सगळं ऐकलेलं होतं.

"काहून जी," फकिराभाऊंचा आवाज आला, "हा शिक्का असली वाटते ना?"

"आय कुडन्ट अग्री मोर!" गजेंद्र खुशीत ओरडला.

मग पानाचं प्लास्टिक वाजलं. बोट वरून खाली, खालून वर फिरत असणार. ते वाक्य डाव्या रकान्यातलं, माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

मग जिन्यावर चपला वाजल्या. वर येत होत्या.