ग्वेनोलेची कोमेर

ज्या बाईनं बाळाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, ती त्याच्या बापाची कोमेर. हे धर्मातलं नातं, सख्ख्या बहिणीइतकं जवळचं, म्हणून लग्नाला तितकंच वर्ज्य. आमच्या ब्रिटनीच्या बंदरात येणारे स्पॅनिश खलाशी कोमाद्रे म्हणतात, इटालियन कोमारे म्हणतात, आणि म्हणताना लाडानं हसतात. मला विचाराल तर जळो तो शब्द.

ग्वेनोलेची बायको एनोरा बाळंतपणात गेली, तेव्हा खोलीत मी आणि माझी थोरली बहीण माहारित, दोघीच होतो. फादर यायला उशीर होता. ताईनंच पाणी घातलं, पित्याच्या नि पुत्राच्या नावानं म्हटलं, आणि एनोराला सांगितलं की लेक ख्रिस्ती झाला. बिचारीनं समाधानानं डोळे मिटले. बाळाला तिच्याच कुशीत, चर्चच्या पवित्र मातीत पुरलं.

दोन वर्षांनी ग्वेनोलेनं ताईला मागणी घातली. तिचा जीव त्याच्यावर एनोराच्याही आधीपासून होता, पण तेव्हा त्यानं हिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. फादरनी नकारार्थी मान हलवली. बिशपांकडे सूट मागितली, तर उत्तर आलं की एकाला दिली की दहाजण मागतात.

मी ताईला चुलीपाशी गाठलं. ती कुट्टूचं पीठ भिजवत होती.

"खरं सांगून टाक ना. पाणी घातलंस तेव्हा बाळ निळं पडलं होतं, थंडगार. मेलेल्याचा बाप्तिस्मा होत नसतो. मग कसली कोमेर नि कसलं काय."

"मग बाप्तिस्मा नसलेला म्हणून त्याला उकरून चर्चच्या भिंतीबाहेर पुरतील."

"मेलेल्याला काय कळतंय?"

"ग्वेनोलेला कळेल. बाळ देवापाशी आहे, एवढ्या एका गोष्टीवर जगतोय तो."

मी चिडले, रडले, तिला वेडी म्हणाले. तिनं मला शपथ घातली.

शेवटी ग्वेनोलेचं लग्न शेजारच्या गावात ठरलं. आदल्या दिवशी तो आमच्या दारात आला. टोपी हातात, बसायला तयार नाही. मी तोंड फिरवून उभी राहिले.

"आपलं नव्हतं नशिबात," तो ताईला म्हणाला. "पण माझ्या लेकाला तू स्वर्ग दिलास. एकच विचारायचं राहिलंय. पाणी पडलं तेव्हा रडला का गं तो?"

ताईनं हात पुसले.

"रडला," ती म्हणाली. "चांगला मोठ्यानं रडला."