नत्थुजींचं बारसं

त्या वर्षी आमच्या गावाला पैशाची मस्ती चढली होती. तिकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढत होते, तिथला कापूस अडकला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाड्या अकोल्याच्या बाजारातून परतायच्या त्या गाणी म्हणतच. बैलांच्या शिंगांनाही चांदीच्या शेंब्या झाल्या. आता आणखी काय करावं? तेव्हा पाटील खुशालरावांना मसणवट्यातले शिपाई आठवले.

साठ वर्षांपूर्वी आडगावच्या लढाईत आमच्या गावची पोरं भोसल्यांच्या बाजूनं इंग्रजांच्या तोफांपुढे दिवस बुडेपर्यंत लढली होती. त्यांच्यावर नुसते धोंडे होते. तिथं स्मारकाची दगडी छत्री बांधून शिळेवर नावं कोरायची ठरली, आणि नावं सांगायला चावडीवर ही झुंबड! ज्याच्या घरी कापूस जास्त, त्याच्या घरी शूरवीर जास्त. एकाचा आजा पटकीनं गेला होता, तोही तोफेसमोर पडला.

भाजी विकणारी म्हातारी मैनाबाई माळीणही आली.

"पाटील, माह्या भावाचं लिवा. सहदेव. त्याचा तं देहबी सापडला नाई. मी मेली का त्याचं नाव घेनारं कोनी नाई उरत."

"शिळा भरली, बाई," खुशालराव म्हणाले. ती टोपली उचलून निघून गेली. आम्हाला लाज वाटायला हवी होती.

छत्रीच्या दिवशी ढोल वाजले, हारफुलं झाली. जोशीबुवा एकेक नाव घेऊन तिळपाणी सोडू लागले.

"नत्थुजी..."

"अबे, मी जिता हाव!"

गर्दीतून काठी उगारत नत्थुजी पुढे आले. हे खुशालरावांचे वडील, त्या लढाईतून परतलेला गावातला एकमेव माणूस. बापाच्या अभिमानापायी खुशालरावांनी त्यांचंच नाव सगळ्यांत आधी कोरून घेतलं होतं!

जोशीबुवांनी कपाळाला हात लावला. तिळपाणी सुटलं म्हणजे माणूस मेला. आता त्यानं पुन्हा जन्मायचं, त्याचं बारसं करायचं, नवं नाव ठेवायचं.

एवढा मोठा पाळणा आणायचा कुठून? कापूस तोलायच्या ताजव्यात सरकी काढलेला मऊ कापूस पसरला आणि ऐंशीचं बाळ त्यात बसवलं. पाय बाहेर लोंबत होते. बायका पाळणा म्हणता म्हणता हसून वाकड्या झाल्या, घुगऱ्या तर अर्ध्या आधीच संपल्या.

"नाव आत्यानं ठेवाचं असते," जोशीबुवा म्हणाले.

"मैनाले बोलवा," ताजव्यातून नत्थुजी ओरडले.

"आबा, थे माळीन तुमची आत्या कशी?" खुशालराव चपापले.

"तिचा भाऊ अन् मी एका ताटात जेवलो. थो माह्या बाजूले पडला अन् मले त्याले उचलता नाई आलं. समजलं? बोलाव तिले."

मैनाबाई आली. नत्थुजींच्या कानाशी वाकली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, तेव्हा कुठे ती कुर्रर्र करून बोलली. मग सरळ उभी राहून तिनं नाव सगळ्या गावाला सांगितलं.

"सहदेव!"

ढोल असा वाजला की बैल बुजले.

"आबा, मंग शिळेवरचं नाव खोडाचं का?" खुशालरावांनी विचारलं.

"नत्थुजी मेला ना बे? राहू दे त्याले तिथं."

त्या गोंधळात मैनाबाईनं ताजव्याची साखळी धरली आणि भीत भीत हाक मारली, "सहदेवभाऊ?"

"ओ, मैने."

साठ वर्षांनी तिच्या हाकेला ओ आली होती. ती हसली, रडली आणि तिनं पुन्हा हाक मारली.