सायीचा रंग

“अहो, ओलं आहे ते!” संपत पेंटर ओरडेपर्यंत प्रेमलाने भिंतीला बोट लावलेलं होतं. बोटाला लागलेला रंग तिने रुमालाला पुसला, पण नजर भिंतीवरून हलेना.

दुधावरच्या सायीचा रंग होता तो. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, पिवळा म्हणावा तर पिवळाही नाही. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि पुण्याबाहेरच्या मांजरी गावातला तो रिकामा फ्लॅट माणसं राहत असल्यासारखा उबदार झाला होता.

“बोल ना,” आम्रपाली म्हणाली. “ऑफिसातल्या निम्म्या साड्या तुझ्या पसंतीच्या असायच्या. रंग तुलाच कळतात.”

दोघी एकाच दिवशी सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. कॉम्प्युटरच्या क्लासचे दोन फॉर्म प्रेमलानेच आणले होते. पक्की नोकरी असताना नसते उद्योग कशाला, म्हणून तिने आपला भरलाच नाही. आम्रपालीने भरला. पाच वर्षांत ती सॉफ्टवेअर कंपनीत गेली, आणि आता हे घर. प्रेमला येरवड्याच्या त्याच दोन खोल्यांत होती. तिथल्या निळ्या भिंतीला पाठ टेकली की साडीला निळसर डाग पडायचा.

‘फार सुंदर’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते.

“मळकट वाटतोय,” ती म्हणाली. “नवं घर, आणि भिंती जुनाट. पांढराशुभ्र दे.”

“बाई, रंगाचा दुसरा हात तर बसू द्या,” संपत म्हणाला.

आम्रपालीचं हसू हळूहळू उतरलं. ते उतरताना पाहून प्रेमलाला बरं वाटलं. येरवड्याला उतरेपर्यंत ते बरं वाटणं पुरलं.

पंधरा दिवसांनी नव्या घरात बुद्धवंदना होती. भिंती पांढऱ्याफटक झाल्या होत्या. माणसं दाटीने बसली होती, तरी खोली गार वाटत होती.

“दवाखान्यात आल्यागत वाटतंय गं,” आम्रपालीची आई गोदाबाई म्हणाली.

“प्रेमलाने सांगितलं, आई. तिची नजर चुकत नाही.”

सगळ्यांनी प्रेमलाकडे कौतुकाने पाहिलं. ती खिरीचं पातेलं घेऊन उगाचच आत गेली.

पाहुणे गेल्यावर दोघी ओट्याशी भांडी घासत उभ्या राहिल्या.

“खरं सांगू?” आम्रपाली म्हणाली. “मला पहिलाच आवडला होता. पण म्हटलं, तू सांगतेस म्हणजे मलाच कळत नसेल.”

प्रेमलाने हातातली वाटी दोनदा विसळली.

“मलाही आवडला होता.”

आम्रपालीने नळ बंद केला.

“मग?”

“मग काय. आवडला होता म्हणूनच.”

आम्रपाली एकच ताट बराच वेळ पुसत राहिली. मग ते मांडणीत ठेवून तिने पायांत चपला सरकवल्या.

“चल, स्टॉपपर्यंत येते.”

दोघी स्टॉपवर आल्या. नव्या इमारतींच्या पलीकडे अजून ऊस उभा होता. बस आली, थांबली. कंडक्टरने घंटी दिली.

प्रेमला चढली नाही. आणि आम्रपालीनेही ‘जा’ म्हटलं नाही.